पाण्यावरचं समालोचन

माइकमध्ये घूंऽऽ असा आवाज येतो म्हणून मी बर्फ गोठवणारं यंत्र बंद केलं आणि परत चालू करायचं विसरलो. गाव जेद्दा, महिना जून. आणि त्या बर्फावर त्या वेळी दहा-बारा दांडगी माणसं पायांत पाती बांधून एकमेकांच्या अंगावर धावून जात होती.

ते यंत्र सांभाळणं हीच माझी नोकरी होती, हेही आत्ताच सांगून टाकतो. मागाहून कळलं की लोक जास्त हसतात, असा अनुभव आहे.

मॉलच्या तळमजल्यावर आमची रिंक होती. रिंक म्हणजे बर्फाचं मैदान. बाहेर डांबर पाघळायचं आणि आत पोरंटोरं कानटोप्या घालून घसरायची. बर्फाखाली नळ्यांचं जाळं, नळ्यांतून फिरणारं गार मिठाचं पाणी, आणि भिंतीपलीकडच्या खोलीत ते गार करणारा कंप्रेसर. त्या खोलीची किल्ली माझ्या खिशात. रिंकचे भोंगेही माझ्याकडे होते, कारण एकदा कुणी बघत असताना मी एक तुटलेली वायर जोडली होती. परदेशात असं कौशल्य चारचौघांत दाखवू नये. ते कायमचं गळ्यात पडतं.

माझा जोडीदार बर्फगाडी चालवायचा. खेळून खडबडीत झालेला बर्फ खरवडून सारखा करणारी ती गाडी. हा गडी कोल्हापूरचा, म्हणून सगळा कामगार-कॅम्प त्याला कोल्हापूरच म्हणे आणि तो मला रत्नांग्री. आमची खरी नावं फक्त इकाम्यावर, म्हणजे तिथे राहायच्या परवान्यावर होती.

आणि इकाम्याचंच दुखणं होतं. सौदी माणसांना नोकऱ्या द्या, नाहीतर परदेशी माणसं ठेवू नका, असा तो काळ. कंपन्यांना रंग लावले होते. पुरेसे सौदी कामाला असले तर हिरवी, नसले तर पिवळी, त्याहून वाईट तर लाल. आमची कंपनी पिवळ्यात होती, आणि पिवळ्या कंपनीला माझ्यासारख्या जुन्या खोडांचा इकामा वाढवून मिळत नसे. माझा रमजानच्या आधी संपत होता. मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. परत जाऊन करणार काय? आमच्या रत्नागिरीत बर्फ मासळीवर टाकतात, त्यावर कुणी नाचत नाही.

वाट काढली ती आमच्या मुदीरने, म्हणजे मॅनेजरने. तरणा सौदी मुलगा. कॅनडात शिकायला गेला तो डिग्री आणि आइस हॉकीचं वेड, दोन्ही घेऊन आला. तिकडून त्याच नादाने परतलेले चार दोस्त त्याने गोळा केले होते. त्याचा बेत सरळ होता. चौघांना रिंकवर शिकवायला ठेवायचं, हॉकीचा क्लब काढायचा. चार सौदी वाढले की कंपनी हिरवी. कंपनी हिरवी झाली की माझा इकामा.

"समजलं?" तो मला म्हणाला. "त्यांना नोकरी लागली तर तुझी राहील."

सौदी माणसाला नोकरी लागावी म्हणून पाचही नमाजांत दुआ मागणारा कॅम्पातला मी पहिलाच परदेशी असेन.

पण पैसा रियाधच्या मोठ्या साहेबांच्या हातात. ते म्हणाले, मला यायला सवड नाही. ती जागा सोफ्याच्या दुकानाला देऊन टाकणार आहे. त्याआधी तुमचा खेळ काय आहे तो मला ऐकवा. ऐकवा म्हणाले, कारण दाखवायची सोय नव्हती. मॉलमध्ये कॅमेरा लावायचा तर परवानग्यांची माळ. आवाजाला परवानगी लागते हे अजून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मुदीरचे डोळे लकाकले. कॅनडात म्हणे टीव्हीच्या आधी एक माणूस उंचावर काचेच्या खोक्यात बसायचा, टेलिफोनवर खेळ सांगायचा, आणि घराघरांत लोक रेडिओला कान लावून बर्फावरची झुंज ऐकायचे. आपणही तसंच करू. एक लॅपटॉप, एक माइक, इंटरनेटवरचा रेडिओ.

"माइकवर बोलायचा अनुभव कुणाला आहे?" त्याने विचारलं.

आता गप्प बसायला काय जात होतं माझं? पण नाही. मी म्हटलं, "मला आहे."

होताच तसा. आमच्या किनाऱ्यावर अंडरआर्म क्रिकेटचे सामने होतात, टेनिसच्या चेंडूचे, आणि त्याला भोंग्यावर समालोचन लागतं. मी बरेच हंगाम ते केलं. त्या समालोचनात खेळ निम्माच असतो. दोन चेंडूंच्या मधे माणसाने लाल मोटारसायकलच्या मालकाला गाडी हलवायला सांगायचं, आचाऱ्याला स्टेजकडे बोलवायचं, हरवलेल्या चपलेचं वर्णन करायचं. त्यातच सगळी कला.

"छान," मुदीर म्हणाला. "माझा चुलतभाऊ बोलेल. तू वायरी जोड."

शुक्रवारची सकाळ ठरली. शुक्रवारी मॉल दुपारनंतर उघडायचा, म्हणून मैदान मोकळं, आणि जुम्म्याच्या नमाजाआधी सामना आटोपायचा. समोर गावाबाहेरच्या परदेशी वसाहतीतले कॅनडाचे इंजिनिअर. आधीच्या सरावात त्यांनी आमच्या पोरांना इतके गोल मारले होते की शेवटी मोजणारा कंटाळला.

इंटरनेटचं सॉकेट एकाच ठिकाणी होतं, कंप्रेसरच्या खोलीच्या भिंतीला लागून. तिथेच टेबल मांडलं. माइक सुरू केला तर आत घूंऽऽ. मुदीरने हेडफोन कानाला लावला आणि तोंड वाकडं केलं. "साहेब हे ऐकणार? त्यांना वाटेल आपण विमानात बसलोय."

मी म्हटलं, मिनिटात बघतो. खोलीत गेलो, कंप्रेसर बंद केला, त्याच्या जोडीला नळ्यांतलं पाणी फिरवणारा पंपही बंद केला. घूं गेला. बाहेर येऊन मुदीरला अंगठा दाखवला. मनाशी ठरवलं, सुरुवातीची कुराणाची आयत आणि स्वागत होईपर्यंत बंद राहू दे, मग हळूच चालू करू. बर्फ काय इतक्यात पळून जातो? हे मी ठरवलं तेव्हा मॉलचा एसी शुक्रवारचा म्हणून मंद ठेवलेला आहे, हे मला माहीत होतं. माहीत असणं आणि आठवणं यांत माझ्या आयुष्यात नेहमीच फार अंतर राहिलंय.

आयत झाली, स्वागत झालं. चुलतभावाचा पत्ता नाही. फोन बंद. शुक्रवारच्या सकाळी जेद्द्यात कोण जागं असतं? रियाध लाइनवर. मुदीर स्वतः गोलकीपर, छातीला गाद्या बांधून उभा. त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि त्या जाड हातमोज्याने माइक माझ्यापुढे ढकलला.

"तू. बोल. काहीही झालं तरी थांबू नकोस. आवाज थांबला की साहेब उठून जातील. यल्ला!"

आणि मी कंप्रेसर विसरलो.

मी काय बोललो ते आज कुणी विचारू नये. थोडी अरबी, थोडी इंग्रजी, सांधे जुळवायला हिंदी. त्यात पहिलीच अडचण अशी की क्रिकेटमध्ये चेंडू पडतो, मग माणसाला विचार करायला वेळ मिळतो. इथे ती काळी चकती दिसतच नाही. एका टोकाला आहे म्हणावं तोवर दुसऱ्या टोकाला. मी नेहमीच्या सवयीने "गोलंदाज तयार" छापाची ऐटबाज प्रस्तावना करत होतो, तेवढ्यात पाहुण्यांनी गोल मारला, पोरं परत मधे आली, खेळ सुरू झाला, आणि मी अजून पंचांची ओळख करून देत होतो. तो गोल मी मग बऱ्याच उशिरा सांगितला.

तेवढ्यात बघतो तर मुदीर गोलातून माझ्याकडे काठी करतोय. एकदा, दोनदा. मला वाटलं, शाबासकी देतोय. मी आवाज चढवला. त्याने काठी आणखी जोरात हलवली. मी आणखी चढलो. घसा फाटेपर्यंत मी त्या माणसाच्या काठीवर चढत होतो.

मग एका पाहुण्याने चकतीला सणसणीत टोला दिला. चकती निघाली गोळीसारखी आणि मुदीरच्या पुढ्यात येता येता तिने पाणी उडवलं.

पाणी.

मी मान वळवून मागे पाहिलं. कंप्रेसरच्या खोलीच्या दारावर एक हिरवा दिवा असतो, यंत्र चालू असलं की जळतो. तो बंद होता. मुदीरची काठी माझ्याकडे नव्हती, त्या दिव्याकडे होती.

जीभ मात्र चालूच होती, काय बोलत होती देव जाणे. नजरेसमोर सगळं एकदम आलं. बर्फ मऊ पडला की पाती रुतणार, वेगातला माणूस तोंडावर जाणार. एकाचा पाय मोडला की खेळ खलास, खेळाबरोबर क्लब, क्लबाबरोबर चार नोकऱ्या, त्यांच्या शेपटाला माझा इकामा. शिवाय तो पाय मोडणार तो माझ्या बोटाने. खोली माझ्या पाठीशी, दहा पावलांवर. पण उठलो तर माइक मुका. रियाधला शांतता ऐकू जाणार. ज्या खेळात आपण आहोत तो सांगायचा की ज्या खोलीत आपण नाही तिथे जायचं?

टेबलावर माझा मोबाइल थरथरायला लागला. रियाधच्या ऑफिसचा नंबर. मी त्याच्याकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे पाहिलं. थरथरत थरथरत तो टेबलाच्या कडेपर्यंत गेला आणि थांबला.

कोल्हापूर पलीकडच्या टोकाला बर्फगाडीवर बसून शेंगा खात होता. मधे अख्खं मैदान. हात हलवले, त्यानेही हलवले. तोंडाने इशारा केला, त्याने शेंग दाखवली, पाहिजे का म्हणून.

तेव्हा माझ्यातला किनाऱ्यावरचा समालोचक जागा झाला. रिंकचे भोंगे त्याच माइकला जोडलेले होते. मी श्वास न घेता, त्याच सुरात, शुद्ध मराठीत सुरू केलं, "बर्फगाडीच्या चालकांना कळवण्यात येतं की त्यांनी जिथे असतील तिथून त्वरित समालोचन कक्षाकडे यावं! कोल्हापूरहून आलेले पाहुणे, त्वरित यावं!" आणि लगेच अरबीत, "चकती डावीकडे, चकती उजवीकडे, माशाल्ला!"

कोल्हापूर धावत आला. माइकपासून हातभर अंतरावर उभा राहून, खणखणीत आवाजात, "आरं, जत्रंत पोरगं हरवल्यागत काय पुकारतोयस?"

मी किल्ली त्याच्या हातात कोंबली. "प्रेक्षकहो, पाठीमागच्या खोलीत आधी पंप सुरू करण्यात यावा! निळं बटण! पंपाचा काटा वर चढेपर्यंत दुसऱ्या कशालाही हात लावण्यात येऊ नये!"

"कसला पंप?"

"निळं बटण! आणि सौदी संघाचा सुंदर बचाव!"

"म्हंजे तू बंद केलावतास?" त्याचा आवाज भोंग्यातून चारी भिंतींवर आपटला. "त्याच्या आयला!"

तो आत गेला. मी त्याच्याकडे पाठ करून बसलेला, कान मात्र भिंतीला. पंपाआधी कंप्रेसर चालू केला तर यंत्र धक्का खाऊन बंद पडतं, आणि पुन्हा सुरू व्हायला वेळ घेतं. तो वेळ आमच्याकडे नव्हता. कोल्हापूरला गाडी येते, पॅनेल येत नाही. आणि त्याला धीर कमी. मी माइकवर सांगतोय, "काटा चढू द्यावा, घाई करू नये, काटा चढल्यावरच शेजारचं कंप्रेसरचं बटण," आणि समोर एक पाहुणा मैदानाच्या कोपऱ्यात पाण्यावरून असा सरकत गेला की मी डोळे मिटले. डोळे मिटून सामना सांगितलेला मी एकटाच असेन. उघडले तेव्हा तो उठून पँट पिळत होता.

पाण्याचा एक फायदा मात्र झाला. मुदीरच्या गोलापुढे सगळ्यात मोठं डबकं साठलं होतं, कारण त्याच बाजूचे दिवे खाली टांगलेले. पाहुणे टोला मारायचे, चकती सुसाट यायची आणि डबक्यात येऊन अशी बसायची की म्हैस बसावी. मुदीर तिला आरामात उचलून बाजूला करायचा. मी ते सांगायचो तसंच, "अडवला! पुन्हा अडवला!" रेडिओवर पाणी दिसत नाही. रेडिओवर फक्त एक सौदी गोलकीपर होता आणि त्याच्यावर तुटून पडणारे कॅनडाचे इंजिनिअर.

मग भिंतीतून एक खोल कण्हणं आलं. पंप. मी बोलतच होतो. थोड्या वेळाने, फार थोड्या नाही, घूंऽऽ. तोच आवाज, माइकमधून, भोंग्यांतून, रियाधपर्यंत. सकाळी ज्याचा मला राग आला होता तो आवाज ऐकून माझे डोळे भरून आले. तेही कुणाला दिसलं नाही.

मध्यंतर झालं. कोल्हापूरने गाडी फिरवून फिरवून पाणी ओढलं आणि मी तेवढा वेळ माइकवर गावचे किस्से सांगत बसलो. पाहुण्यांचा कॅप्टन पाणी प्यायला आला तेव्हा म्हणाला, "आज बर्फ जरा मऊ आहे." मी म्हटलं, "जेद्दा." त्याने समजूतदारपणे मान हलवली.

उरलेल्या खेळात बर्फ पुन्हा हळूहळू धरत गेला. आमच्या एका पोराने काठी चुकीच्या बाजूला मारली, चकती कुणाच्या तरी बुटाला लागून गोलात गेली, आणि सामना एक-एक असा बरोबरीत सुटला. कुणाचं काही मोडलं नाही. जुम्म्याची बांग व्हायच्या आत सगळे बाहेर आले.

मी हेडफोन काढला तर मोबाइल परत थरथरत होता. रियाध. घेतला.

पलीकडून स्वच्छ, आमच्याच किनाऱ्याकडची मराठी आली. "सलाम आलेकुम भाऊ. मी मोठ्या साहेबांचा सेक्रेटरी. मूळचा श्रीवर्धनचा."

म्हणजे या माणसाने पंप ऐकला होता, निळं बटण ऐकलं होतं. सगळं.

"मघाशी फोन केलेला तुम्हाला," तो म्हणाला. "सांगायला की जरा हळू बोला, मी इथेच बसलोय. साहेबांनी विचारलं, हा माणूस मधेच कुठल्या भाषेत ओरडतोय? मी म्हटलं, आनंदाच्या भरात मातृभाषेत गेला."

"आणि... तो दुसरा आवाज?"

"तो 'त्याच्या आयला' म्हणाला तो? ते मी 'वा, काय बचाव' असं सांगितलं." तो जरासा हसला. मग गंभीर होऊन म्हणाला, "साहेब खूश आहेत. म्हणाले, कॅनडावाल्यांना बरोबरीत रोखलं म्हणजे पोरांत दम आहे. चौघांना घ्या म्हणाले. सोफावाल्याला दुसरी जागा बघतील." आणि मग, आवाज खाली करून, "भाऊ, पण तो पंप चालू झाला ना?"

"झाला."

"अल्लाचं नाव घ्या. ठेवतो."

पुढे कंपनी हिरवी झाली, आणि रमजानच्या आधी माझा इकामाही झाला. पण त्या दुपारी ते काही माहीत नव्हतं. मुदीर गाद्या सोडत माझ्या टेबलापाशी आला. बुटांतून पाणी टपकत होतं. मी रियाधचा निरोप सांगितला. त्याने दारावरच्या हिरव्या दिव्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता तरी समालोचनाचं कौतुक होणार; घसा बसेपर्यंत बोललो होतो मी. म्हणून मीच धीर करून विचारलं, "मुदीर, पुढच्या सामन्याला मीच बसू का माइकवर?"

तो म्हणाला, "पुढच्या वेळी मशीन चालू ठेव आणि स्वतःला बंद कर."